थोडा डावीकडे

"आता?" गॅलरीतून थोरल्याने विचारलं. "थोडा डावीकडे," आई आतून म्हणाली. त्याने वायर बदलली होती, चॅनेलही पुन्हा शोधले होते. पण अँटेना हातात उंच धरला तरच टीव्हीवर धाकटा दिसायचा. धाकटा दुसऱ्या शहरातून हवामानाच्या बातम्या द्यायचा. "दिसला. आता हलू नकोस," आई म्हणाली. खिडकीतून थोरल्याला फक्त तिचा उजळलेला चेहरा दिसत होता. "वाळलास रे. जेवलास का?" तिने विचारलं. "कुठलं जेवण? कामावरून थेट गॅलरीतच आलो," थोरला म्हणाला. "तुला नाही रे, त्याला विचारलं." थोरल्याने अँटेना हळूच उजवीकडे वळवला. आत धाकट्याचे चौकोनी तुकडे झाले, आवाज बंद पडला. आई धावत खिडकीशी आली. कान टीव्हीकडे, नजर थोरल्यावर. "आता?" त्याने विचारलं. "नाही." "आता?" "नाही रे." त्याने अँटेना सगळीकडे फिरवला, फक्त डावीकडे नाही.