छत्तीस रविवार

आम्ही दादरहून मीरा रोडला, शांती नगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो ते १९९२ साल. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या कळशीवर सकाळचं ऊन पडायचं, ते मला फार सुंदर वाटायचं. दर रविवारी, एकाच जागेवरून, मी कळशीचा एक फोटो काढायचे आणि त्या वेळी कोण कुठे होतं याची वहीत नोंद करायचे.

"भांड्यांचे फोटो काढ, नवऱ्याचा एक नको!" पराग म्हणायचा.

कळशीच्या पोटात सगळं दिसायचं: मी, माझ्यामागे खुर्चीत दूध पिणारी सहा वर्षांची रसिका, गॅलरीचं बंद दार.

छत्तीस रविवारांनी रोल संपला. धुऊन आलेले फोटो मी क्रमाने मांडले. पहिल्यात रसिका खुर्चीत होती. पुढच्या प्रत्येक फोटोत ती दाराच्या थोडी जवळ होती. पट्टीने मोजलं, तर अंतर दर वेळी सारखंच कमी होत होतं. शेवटच्या फोटोत तिचा हात कडीवर होता.

वहीत मीच छत्तीस वेळा लिहिलं होतं: रसिका खुर्चीत.

मग पुन्हा रविवार आला.

"आई, आज फोटो नाही काढायचा?" रसिकाने खुर्चीतूनच विचारलं.

मी जाऊन तिचा हात घट्ट धरला. तो गरम होता. मग मी कळशीकडे पाहिलं.

कळशीत मी रिकाम्या खुर्चीशेजारी मूठ आवळून उभी होते. मागे गॅलरीचं दार उघडं होतं.