विकलेला हिस्सा

१९९६ साली आमच्या बंदरातल्या मच्छीमार सोसायटीने प्रत्येक होडीने वर्षाला किती मासळी धरायची, तो हिस्सा ठरवला. तो विकताही येई. माझ्या दिराने, धर्माने, आपला हिस्सा ट्रॉलरवाल्याला विकला.

“वैनी, आता घरबसल्या पैसा!”

“आणि हौसामावशीची टोपली?” होडी लागली की पहिली टोपली विधवांना द्यायची आमची रीत. मावशी त्यावरच जगे.

“ट्रॉलरवाला देईल की.”

मावशीने मागितली, तर तो म्हणाला, “टोपलीही माझ्या हिश्श्यात मोजतात, म्हातारे, फुकट कशी देऊ?” हिश्श्यात फक्त मोठी पापलेटं भरावीत म्हणून त्याचे खलाशी बारीक मासळी मेलेलीच समुद्रात फेकत.

काही वर्षांत पापलेट संपलं. ट्रॉलर दुसऱ्या बंदरात गेला. हिश्श्याचा पैसा संपला, तसा धर्मा त्याच ट्रॉलरवर खलाशी झाला. मावशी वारली तेव्हा तो समुद्रात होता. मी आमच्याच धक्क्यावर बाहेरून आलेली बर्फातली मासळी विकते.