लॅबचे ठोकळे

वाचनालयाचा नवा स्लॅब कोसळला, त्याची चौकशी बांधकाम खात्याचे साहेब करत होते. तपासणीसाठी लॅबला गेलेले काँक्रीटचे ठोकळे मात्र एकूण एक पास होते.

“पास होणारच की साहेब,” त्या कामावर राबलेली कोपरखैरणे नाक्यावरची बिगारी दुर्गाबाई म्हणाली. “लॅबचे ठोकळे मुकादम वेगळे भरून घ्यायचा. सगळं सिमेंट त्यात, स्लॅबला नुसती रेती.”

“भरायचं कोण?”

“माझाच नवरा, किसन. मुकादम सांगंल तसं.”

साहेबांनी पहिल्यांदाच पेन उघडलं. “उद्या त्याला सहीला घेऊन या.”

“कुठून आणू? परवा त्याच स्लॅबखालून काढला की तुमी त्याला.”



“मग प्रश्नच मिटला,” साहेब म्हणाले, आणि दोषीच्या रकान्यात त्यांनी किसनचं नाव लिहिलं.