रस्त्यावरची गादी

नगरपालिकेत मी आलेल्या अर्जांवर आवकचा शिक्का मारतो. मुलींच्या उर्दू शाळेसमोर गतिरोधक बसवा, असे पाच अर्ज गाद्या भरणाऱ्या नूर महंमद पिंजाऱ्यांनी दिले. पहिला अर्ज द्यायला नात रूही त्यांचं बोट धरून आली होती. दुसरा अर्ज ती तिथंच ट्रकखाली जाऊन गेल्यानंतरचा. पाचही अर्जांवर मी शिक्का मारला, पोच दिली, फाईल पुढे सरकवली. आज सकाळी शाळा भरायच्या वेळी तिथून जाताना तो रस्ता एकदम गप्प वाटला. या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांबलचक पांढरी गादी अंथरली होती. हवेत कापूस तरंगत होता. चोपड्याहून आलेले केळीचे ट्रक दोन्ही बाजूंना इंजिन बंद करून उभे होते. "अंथरुणावर चाक कसं घालू, भाऊ?" एक ड्रायव्हर मला म्हणाला. मुली बूट हातात घेऊन, पावलं कापसात बुडवत, सावकाश पलीकडे जात होत्या. नूरचाचा कडेला बसून शेवटचे टाके घालत होते. मी चपला काढून त्यांच्याजवळ बसलो. "एवढा कापूस कुठून आणला, चाचा?" "रूहीच्या लग्नात द्यायच्या गाद्यांचा आहे. ती जन्मली तेव्हापासून दर हंगामाला थोडा बाजूला ठेवत होतो." त्यांनी दातानं दोरा तोडला आणि गादीवरून हात फिरवला. "हा सहावा अर्ज, भाऊसाहेब. शिक्का कुठं मारता?"