साहेबांसाठी साकव

पाच मुलांच्या आमच्या शाळेला पटसंख्येच्या नियमातून दरवर्षी सवलत मिळते, कारण पावसाळ्यात तुडुंब वाहणारा व्हाळ ओलांडून पलीकडच्या शाळेत जाता येत नाही. यंदा भर पावसात शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. त्यांचे पाय भिजू नयेत म्हणून गावातल्या गुरुदासकाकांनी पहाटेच पोफळीची खोडं सुंभाने बांधून साकव घातला होता. "पाय भिजले नाय मा, सायबानू?" त्यांनी अभिमानाने विचारलं. साहेब माझ्याकडे वळले. "मुख्याध्यापिका बाई, पूल आहे की! मग सवलत कशाला?" काकांची नात त्या पाचांतलीच. काकांनी कोयता काढला, सुंभ तोडला. खोडं पाण्याबरोबर वाहून गेली. "आता जावन दाखवा." साहेबांनी बूट काढले. काकाही सोबत उतरले. पाणी कमरेला लागलं तसा साहेबांनी काकांचा हात घट्ट धरला आणि मागे वळून ते ओरडले, "बाई, मुलांना पाण्यात सोडू नका!"