अण्णांचा उरलेला शब्द

"शब्द सांगायलाच हवा का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"सांगते की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "डबा ओढला म्हणून तुमच्या मुलीने वर्गातल्या मुलाला हरामखोर म्हटलं. चांगलं ठणकावून."

चष्मेवाल्याचे कान तापले. त्याची आठ वर्षांची चिमणी शेजारी बुटांकडे बघत उभी होती. माफी मागून झाली होती. तो शब्द पुन्हा तोंडातून काढणार नाही, हेही तिने कबूल केलं होतं.

"असले शब्द मुलं घरातूनच उचलतात," बाई म्हणाल्या.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "माझ्या वडिलांकडून उचललाय," तो म्हणाला. "पक्षाघातात त्यांची वाचा गेली. सगळं गेलं, एवढा एकच शब्द राहिला."

"म्हणजे अण्णा? बसस्थानकावरचे?"

तो आवाज गावात कुणाला ठाऊक नव्हता? गाड्या कुठून सुटणार, हे अण्णांनी उभी हयात स्थानकाच्या कर्ण्यावरून सांगितलं. छत्री विसरून गेलेल्या वेंधळ्यालाही ते 'आपण' म्हणायचे. नातीला तर त्यांनी घरच्या मांजरीलाही 'अहो' म्हणायला शिकवलं होतं. अशा माणसाच्या तोंडी हा शब्द यावा, म्हणजे थट्टाच.

बाई हळहळल्या, पण बधल्या नाहीत. "पुन्हा असं झालं तर मला तिचा दाखला हातात द्यावा लागेल. इतर पालकांना मी काय तोंड दाखवू?"

घरी येईपर्यंत चष्मेवाल्याने मान वर केली नाही.

दारातच आवाज आला. बायकोने अण्णांपुढे चहा ठेवला होता, आणि अण्णा तिला अगदी मनापासून, त्या स्थानकावरच्या मऊ आवाजात म्हणत होते, "हरामखोर."

"असू दे, अण्णा. साखर पुरे ना?" बायको म्हणाली.

तिला सवय झाली होती. दूधवाला पहिल्या दिवशी बिथरला होता, पण आता तोही "तुमचा आशीर्वाद" म्हणून हसत जिना उतरायचा. चष्मेवाल्याला मात्र ते कधी जमलं नाही. त्यातून अण्णा त्याच्याशी वेगळंच वागायचे. बाकीच्यांना ते पटकन म्हणून मोकळे व्हायचे. मुलगा समोर आला की आधी बराच वेळ त्याच्याकडे बघायचे, आणि मग हळूच, काहीतरी विचारावं तसं म्हणायचे. म्हणून तो त्या खोलीत जाणंच टाळायचा.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. "अण्णांना वृद्धाश्रमात ठेवू या."

"एका शब्दापायी?"

"पोरीला शाळेतून काढायची वेळ आलीय. आज तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. लाज वाटते गं त्यांची."

"त्यांची?" बायको म्हणाली. पण पोरीच्या शाळेपुढे तिचंही काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

न्यायच्या दिवशी सकाळी अण्णांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई शेवटच्या भेटीला आल्या. बॅग भरून खुर्चीशी ठेवलेली होती. नवा सदरा घालून अण्णा बसले होते. आपल्याला कुठेतरी जायचंय एवढं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी चिमणीचा हात सोडला नव्हता.

"एक गोष्ट राहूनच गेली विचारायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पूर्वी शिव्या द्यायचे का हो?"

"उभ्या जन्मात नाही," बायको म्हणाली.

"मग हाच शब्द कसा राहिला?"

"स्थानकावर बारा गावचे लोक," चष्मेवाला म्हणाला. "कधीतरी कानावर पडला असेल."

"असेलही. पण कधी कधी झटका येतो त्या क्षणी जे कानात असतं, तेच अडकून बसतं. सगळ्यांचं तसं होत नाही. तेव्हा जवळ कोण होतं?"

"मीच होतो. घरात आम्ही दोघंच." त्याने बॅगेचा पट्टा उगाच ओढून पाहिला. "दुकानात चष्म्याच्या चुकीच्या काचा आल्या होत्या. मी पाठवणाऱ्याशी फोनवर बोलत होतो. अण्णा खोलीतून बाहेर आले आणि उंबऱ्यातच कोसळले."

"काही बोलले?"

"नाही."

"बोलले," चिमणी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तू तेव्हा शेजारी खेळायला गेली होतीस," चष्मेवाला म्हणाला.

"नव्हते गेले. टेबलाखाली होते, मांजरीजवळ."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, बाळ?" आईने विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही."

"काय म्हणाले अण्णा?"

"म्हणाले, 'फोनवर कुणाला असं बोलू नये रे, पोर ऐकतेय.'"

अण्णांनी मान हलवली. त्यांचे डोळे मुलाकडे लागले होते.

"आणि मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चिमणी घुटमळली. तो शब्द तोंडातून काढायचा नाही, हे तिने शाळेत कबूल केलेलं होतं. तिने आजोबांचा हात आणखी घट्ट धरला, आणि त्यांनीच शिकवलं होतं तसं अदबीने म्हणाली, "मग बाबा, तुम्ही फोन खाली ठेवलात आणि तो शब्द अण्णांना म्हणालात, आणि ते पडले."