कोरडा शिधा

लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी शाळेतल्या केंद्रावर कर्मचाऱ्यांची पानं वाढली गेली. वाढणाऱ्या बाईनं बोलता बोलता आपलं आडनाव सांगितलं आणि कुंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझा उपवास आहे हो."

सकाळी ती बाई वरई, दाणे, तूप घेऊन उंबऱ्याबाहेरच थांबली. "कोरडा शिधा हाय, ताई. तुमच्या हातानं रांधून घ्या." बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच कुंदाबाईंना मान वर करवेना. जन्मभर व्रतं पाळली, आणि देवाच्या नावाआड हे असं लपावं!

मतदान सुरू झालं, तशी तीच बाई रांगेतून पुढे आली. शाईसाठी धरलेलं तिचं बोट कुंदाबाईंनी सोडलंच नाही.

"दुपारी मला वाढाल?"

"आन् उपास?"

"नाही," रांगेला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. "कालही नव्हता."